ओल्या रंगाला नमस्कार

जगात फार थोड्या मोटारींवर मालकाच्या कपाळाचा ठसा असतो. त्यांतली एक माझी आहे.

ठसा डाव्या दाराच्या जरा पुढे आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माझेच दोन पंजे आहेत. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गाडीला आतून बाहेर ढकलत होतं आणि मी बाहेरून आत. तसं काही नव्हतं. मी नमस्कार करत होतो!

पण आधी अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्काचं लग्नाचं वय माझ्या दूधभातात गेलं. पुढे तिने वडिलांचं राजाजीनगरातलं स्टीलच्या भांड्यांचं दुकान सांभाळलं, मला दुकानात बसवलं, माझं लग्न करून दिलं आणि शारदा घरात आल्यावर तिच्या कानात सांगितलं, "पोरगा चांगला आहे. फक्त जागेवर नसतो."

ते खरं आहे. मी गल्ल्यावर बसलेला दिसतो, पण असतो कुठे तरी तिसरीकडेच. गिऱ्हाईक इडलीपात्र मागतं, मी चहाची गाळणी बांधून देतो. गिऱ्हाईक भलं असेल तर घेऊनही जातं. आमचं घराणं फार जुन्या काळी फौजेबरोबर बंगळूरला आलं म्हणतात. (घोड्यावर बसून आलं असं वडील सांगत. घोडा शोधत मागून चालत आलं असं अक्का सांगते.) स्वप्नं बघत चालणाऱ्या माणसाचा घोडा पुढे निघून जायचाच, त्यामुळे मला अक्काचं पटतं.

तर या अक्काने समुद्र पाहिला नव्हता. आयुष्यभर "समुद्र काय पळून जातोय?" म्हणत राहिली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. कडेकडेने कमी होत जाईल," असं ते म्हणाले. घरी येताना रिक्षात अक्का एकदम म्हणाली, "समुद्र तर राहूनच गेला की रे, किट्टू." आणि बाहेर बघत राहिली. अक्काने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं, आणि हेही तिने मागितलं नव्हतंच, नुसतं म्हटलं होतं.

"मी नेतो तुला!" मी म्हणालो.

"कसा नेशील? मला बसवत नाही, पाठ धरते. बाहेरचं मी खात नाही. बाहेरच्या संडासात मी जात नाही. देवाची पूजा केल्याशिवाय पाणी घेत नाही. ज्या गाडीत बिछाना, चूल, देव आणि संडास असेल तीच आण, मग येते."

विषय संपवण्यासाठी ती असं म्हणाली होती. अशी गाडी नसतेच अशी तिची खात्री होती. मी मात्र त्या क्षणापासून तीच गाडी बघू लागलो. दुकानात बसल्या बसल्या ती माझ्या डोळ्यांसमोरून हळूहळू जायची: गोल कोपरे, पडदे लावलेल्या खिडक्या, खिडकीत अक्का, आणि पलीकडे लांबच लांब पाणी.

गाडी मिळाली ती आनेकलच्या पलीकडे, एका नाचणीच्या शेतात. कुण्या हौशी माणसाने फार वर्षांपूर्वी जुन्या व्हॅनवर घर बांधून घेतलं होतं: आत बिछाने, छोटा ओटा, मागे न्हाणी. हौशी माणूस गेला आणि कोंबड्या राहायला आल्या. हात धुवायच्या भांड्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिने आमच्याकडे भाडेकरूच्या नजरेने पाहिलं. पत्रा इतका गंजला होता, की शारदाने दाराला टेकून उभं राहावं म्हटलं तर दारच तिला टेकलं.

"अहो, हे काय?" शारदा किंचाळली.

"गोल कोपरे बघ ना!" मी म्हणालो.

गाडी ओढून यशवंतपूरला नागराजच्या शेडमध्ये आणली. नागराज लॉऱ्यांच्या बॉडी बांधतो आणि रंगवतो. माणूस उंच, मिशा भरघोस आणि स्वतःविषयीचं मत त्याहून भरघोस! लॉरीच्या मागे डोंगर, सूर्य आणि हंसांची जोडी काढण्यात कर्नाटकात आपल्याला जोड नाही असं तो सांगतो. त्याचं कन्नड मी इथे मराठीत देतो. एखादा शब्द तेवढा कन्नडातच ठेवतो, कारण त्याची मजा मराठीत जाते.

"सार, पत्रा सगळा नवा घालू, पण कोपरे जुनेच ठेवू. गाडी नवी नवरी दिसेल. मागे हंस काढू?"

"हंस नकोत."

"सरी, बरं. मग मोर?"

पत्र्याचं आणि इंजिनाचं काम सुरू झालं आणि घरातल्या प्रत्येकाची स्वप्नं शेडमध्ये येऊन पोचली. शारदा म्हणाली, "माझा जन्म भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटण्यात गेला. ओट्यासमोर मला मोठी खिडकी पाहिजे." झाली खिडकी. अक्का म्हणाली, संडास देवापासून जास्तीत जास्त लांब पाहिजे. म्हणून संडास अगदी मागे आणि देव ड्रायव्हरच्या पाठीशी, असं ठरलं. मग अक्काने विचारलं, "देवांचं तोंड कुठे?"

"पूर्वेला," मी ऐटीत म्हणालो.

"आणि गाडी वळल्यावर?"

शेडमध्ये ठोकाठोक थांबली. नागराजने मिशीवरून हात फिरवला. टिंकरिंगवाले, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणारे, हातोडे खाली ठेवून विचारात पडले. शेवटी मीच दुकानातून जेवणाच्या टेबलावरची फिरती थाळी आणली, तिच्यावर नागराजने देव्हारा बसवला आणि आमचे देव फिरते झाले. गाडी डावीकडे वळली की देव उजवीकडे फिरवायचे! ते काम शारदाकडे आलं. (पुढे घाटात देव आपण होऊनच फिरायला लागले, आणि एका वळणावर तर आमच्याकडे पाठ करून बसले. पण त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.)

इथवर सगळं सुरळीत होतं. मग रंगाचा विषय निघाला, आणि तिथे मी घात केला.

मला एक रंग हवा होता. सकाळी दुकान उघडायला जाण्याआधी मी गच्चीवर चहा घेतो. सूर्य यायच्या जरा आधी पाण्याच्या टाक्यांच्या वर आकाशात एक रंग येतो. निळा म्हणावा तर नाही, करडाही नाही, आत कुठे तरी गुलाबी झोपलेला. चहाचे दोन घोट होईपर्यंत तो असतो, मग जातो. माझ्या स्वप्नातली गाडी त्या रंगाची होती. तसं मी नागराजला सांगितलं.

"हेसरु हेळी सार. नाव सांगा. नाव नसलेला रंग डब्यात मिळत नाही."

"नाव नाही. तुम्ही माझ्या गच्चीवर या."

आला बिचारा! पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या खेपेला मी रंग दाखवेपर्यंत शारदाने त्याला उप्पीट दिलं, तो खाली बघून खायला लागला आणि तेवढ्यात रंग येऊन गेला. नंतर एकदा त्याने पाहिला. बराच वेळ मान वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "कळलं. माडोण, करू या." मला तर गहिवरून आलं.

पहिला हात मारला तो ओला असताना थेट आकाश, वाळल्यावर सरकारी दवाखान्याची भिंत. पॉलिश पेपरने घासून काढला. दुसरा वाळल्यावर वांग्याच्या भरतासारखा झाला. तोही घासला. मग एक आला तो शारदाला आवडला, मला नाही. एक मला आवडला, पण दुपारच्या उन्हात तो मला ओळख देईना. नागराजच्या मिशा खाली आल्या. "सार, आकाश रोज बदलतं, गाडी एकच आहे. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," तो हात जोडून म्हणाला. मी अ‍ॅडजस्ट केलं नाही. स्वप्नाळू माणूस मऊ असतो असा लोकांचा समज आहे. चूक! स्वप्नाच्या बाबतीत तो हुकूमशहा असतो.

गणपती आले आणि गेले. एके संध्याकाळी मी घरी आलो तर अक्का भाजी निवडत होती आणि निवडलेली पालेभाजी ताटाच्या बाहेर, जमिनीवर ठेवत होती. ताटाची कड तिला दिसत नव्हती. मी ताट तिच्या हाताखाली सरकवलं.

"रंग लागला का रे गाडीला?" तिने विचारलं.

"येतोय, अक्का. अगदी जवळ आलाय."

"दसऱ्याला निघायचं. मग गाडी कुठल्याही रंगाची असो. पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही."

ती साधं बोलली, पण मला झोंबलं. मी दुसऱ्या दिवशी नागराजला दसऱ्याची मुदत दिली. तोही कलावंत, त्यानेही मनावर घेतलं. आणि आयुधपूजेच्या, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या सकाळी, शेवटचा हात मारून त्याने मला फोन केला. "सार, या. आला तो रंग."

आम्ही तिघं रिक्षाने शेडवर पोचलो. नागराज अंघोळीला आणि स्वतःच्या घरच्या पूजेला निघाला होता. जाता जाता त्याने बोट नाचवून मला बजावलं, "संध्याकाळपर्यंत हात नाही लावायचा. पूजा लांबून. बाकीच्यांना तुम्ही सांगा, सार. जबाबदारी तुमची."

"सरी, सरी," मी म्हणालो, आणि मग मी गाडी पाहिली.

काय सांगू! शेडच्या पत्र्यांच्या फटींतून सकाळचं ऊन आत येत होतं, आणि त्यात ती उभी होती. निळी नव्हे, करडी नव्हे, आत गुलाबी. माझी गच्ची, माझा चहा, माझं आकाश. कानात गाज ऐकू यायला लागली. खिडकीत अक्का दिसायला लागली. मी असा किती वेळ उभा होतो देव जाणे. एवढं खरं, की बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही.

इथे आम्हा दुकानदारांची एक खोड सांगायला हवी. रोज सकाळी शटर उघडण्याआधी आम्ही शटरला हात लावून डोळ्यांना लावतो. त्याला विचार लागत नाही, हात आपोआप जातो. माझा हात आपोआप गेला. एक नाही, दोन्ही! आणि त्या दिवशी मन इतकं भरून आलं होतं, की मी नुसत्या हातावर भागवलं नाही. पुढे वाकून गाडीवर कपाळही टेकलं.

मालकाने हात लावला, म्हणजे रंग वाळला! टिंकरिंगवाल्यांना, रंगवाल्यांना, शारदाला, सगळ्यांनाच तसं वाटलं. मग काय विचारता! शारदाने दाराच्या दोन्ही बाजूंना हळदीकुंकवाची बोटं ओढली. अक्काने सगळ्या अंगावर गंधाचे पट्टे काढले. तिला कडा दिसत नसल्यामुळे तिने सढळ हाताने काढले. झेंडूच्या माळा या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून बसवल्या. शेडमधल्या झाडून सगळ्यांनी गाडीला हात लावून नमस्कार केला. कोहळा फोडला, त्यातलं कुंकवाचं पाणी चाकांपासून खिडकीपर्यंत उडालं. मी डोळे मिटून गाज ऐकत होतो.

"किट्टू," अक्का जवळ येऊन म्हणाली, "तुझ्या कपाळाला हे काय लागलंय रे? विभूती?"

त्याच वेळी नागराज आत आला. नवं धोतर, ओल्या मिशा, हातात पेढ्यांचा पुडा.

"अय्यय्यो! यारु मुट्टिद्दु? कुणी हात लावला?"

सगळ्यांनी आपापले तळवे पाहिले. सगळे तळवे आकाशाच्या रंगाचे होते. मग सगळ्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

नागराजने एक माळ हळूच ओढून बघितली. माळेबरोबर रंगाचा पापुद्रा आला. माळेचा दोरा सोडवून घेतला तर पाकळ्या तिथेच राहिल्या. तो खाली बाकड्यावर बसला आणि पेढ्यांचा पुडा त्याने मांडीवर ठेवला. "सगळं खरवडायचं. पुन्हा पुटिंग, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. दिवाळीनंतर, सार."

आणि मी, खरं सांगतो, "हो" म्हणायला तोंड उघडलं! तो रंग मी एकदा पाहिला होता. आता तो नाही म्हणजे काय? तोंडातून शब्द येणार एवढ्यात गाडीचं दार वाजलं. अक्का आत चढून बिछान्यावर आडवी झाली होती.

"अक्का, उतर. खरवडायची आहे."

"खरवड की. मला आत ठेवून खरवड."

"अगं, पण रंग..."

"किट्टू, रंग तू बाहेरून बघणार. मी आतून खिडकी बघणार आहे. मला खिडकीला रंग नको." ती खिडकीकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "दिवाळीनंतर दिसलं नाही तर मग मी तुला काय सांगू?"

मी नागराजकडे पाहिलं. त्याने मिशीवरून हात फिरवला, पुडा उघडला, मला पेढा दिला आणि म्हणाला, "नमस्कारासकट वाळू द्या, सार. उद्या सकाळी घेऊन जा."

दसऱ्याला आम्ही निघालो. पाकळ्या, बोटं, पट्टे, पंजे आणि माझं कपाळ, सगळं रंगात पक्कं बसलं होतं. शहर मागे राहिलं. गाडी हळू चालत होती, मी हळू चालवत होतो. घाटात धुकं लागलं. कॉफीचे मळे धुक्यातून यायचे आणि पुन्हा त्यातच जायचे. शारदा मोठ्या खिडकीसमोर उभी राहून कांदा चिरत होती आणि गुणगुणत होती. देव आपले गोल फिरत होते. आरशात मला अक्का दिसायची: बिछान्यावर आडवी, हनुवटी खिडकीच्या कडेवर, लहान मुलीसारखी. हे मी जागेपणी बघत होतो आणि सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. असं मला फारसं होत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा समुद्र आला. आम्ही अक्काला हाताला धरून वाळूत नेलं. ती उभी राहिली. मग तिने मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवायला सुरुवात केली, थांबत, पुन्हा पुढे जात.

"दिसतोय ना, अक्का?" मी विचारलं.

"दिसतोय. पण एकदम नाही रे दिसत. तुकड्या-तुकड्यांनी बघतेय." तिने पुन्हा डावीकडून सुरुवात केली. "बरंच आहे की. लवकर संपणार नाही."

मला रडू आलं, मी रडलो. शारदाही रडली. अक्का रडली नाही, तिला वेळ नव्हता, पाणी पायाला लागल्यावर ती "अय्यो!" म्हणून हसली आणि लुगडं सावरत आणखी पुढे गेली.

गाडीकडे परतल्यावर तिने चूल पेटवली आणि पातेलंभर चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, केलं. तिघांना एवढं कशाला, असं मी विचारलं नाही. अक्काला कमी करता येत नाही. इंजिनासाठी पाणी आणायला मी लांबच्या नळावर गेलो. मी नसताना यात्रेकरूंची एक बस येऊन थांबली. त्यांना दिसलं ते असं: झेंडूने मढलेली, हळदीकुंकवाची गाडी; उघड्या दारातून, समुद्राच्या वाऱ्यावर आपोआप फिरणारे देव; त्यांच्या शेजारी रेशमी लुगड्यातली एक म्हातारी, समुद्राकडे बघत बसलेली. एक बाई दर्शनाला वाकली. वाकलेल्या माणसाला अक्का रिकाम्या हाती पाठवत नाही. तिने पानावर चित्रान्न दिलं. बस्स! मी परत येईपर्यंत रांग वाळूपर्यंत गेली होती.

मी हातात बादली घेऊन माझ्या गाडीत चढायला लागलो. रांगेतली एक दणकट बाई ओरडली, "री! चप्पली बिडी! ओळगे देवरिद्दारे!" म्हणजे, अहो, चप्पल काढा, आत देव आहेत!

गाडी माझी आहे, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात आत पाहिलं. अक्का एका हाताने वाढत होती आणि मान खिडकीकडे वळवून समुद्राचा पुढचा तुकडा बघत होती. मी चप्पल काढली, बादली खाली ठेवली आणि रांगेत मागे जाऊन उभा राहिलो.

माझी पाळी आली तेव्हा पातेलं खरवडून झालं होतं. माझ्या पाठीमागे मावळतीचं ऊन होतं, त्यामुळे अक्काला माझा चेहरा दिसला नसावा. (शारदा म्हणते, चांगला दिसला होता.) तिने आशीर्वादाचा हात वर केला आणि म्हणाली, "मुगीतप्पा. नाळे बेगा बा." संपलं रे बाबा, उद्या लवकर ये.

गाडीचा मालक मी. हात जोडले, "सरी, अम्मा" म्हणालो आणि उपाशीपोटी बाजूला झालो.